पेढ्यांची कबुली

आमच्या ह्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर आली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "श्यामराव, पुढच्या वेळी खाली आली नाही तर इन्शुलिन." घरातला गूळसुद्धा मी कुलपात ठेवला होता. तरी साखर चढतेच, म्हणजे हा माणूस बाहेर खातो. सरळ हिशेब होता.

मी खिसे तपासले, स्कूटरची डिकी तपासली, काहीच सापडेना. हिंजवडीला आयटीत असलेली आमची स्वराली फोनवर म्हणाली, "आई, तू बाबांचं ऑडिट करतेयस का?" म्हटलं, हो. शेवटी एका सकाळी हेच म्हणाले, "पद्मजा, खातो मी. फिरून येताना दोन पेढे." ते मी डॉक्टरांनाही कळवलं आणि आठवडाभर ह्यांच्याशी कामापुरतं बोलले.

मग एकदा पेरू आणले. अख्खा पेरू दातांनी फोडणारा हा गृहस्थ सुरीनं पातळ काप करत बसला होता. अर्धवट चावून ठेवलेल्या कापावर रक्त दिसलं.

"अहो, तोंड उघडा."

"काही नाही गं."

"उघडा म्हणते ना."

हिरड्या लालभडक, सुजलेल्या. वर्षभर रक्त येत होतं आणि हे बेसिनचा नळ सोडून धुऊन टाकत होते. कवळी लागेल ही भीती!

दातांच्या डॉक्टर जयाताई म्हणाल्या, "हिरड्यांची सूज तोंडापुरती राहत नाही, काका. ती साखर वाढवते आणि वाढलेली साखर हिरड्या आणखी बिघडवते. हृदयालाही ती बरी नाही." चार खेपांत त्यांनी हिरड्यांखालून सफाई केली. गोळ्या आणि पथ्य चालूच होतं.

तीन महिन्यांनी आकडा आठच्या जरासा खाली आला. इन्शुलिन टळलं.

"पेढे सुटले वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"खाल्लेच नव्हते," हे म्हणाले.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच मी त्यांना अडवलं. "मग कबूल कशाला केलंत?"

"साखर का चढते ते कळेना, तेव्हा तू देवापुढे बसून रडायचीस. पेढे म्हटल्यावर नुसती रागावलीस. तुझा राग मला सोसतो, पद्मजा. रडणं नाही सोसत."

इतका चिडका माझा स्वभाव, पण मला तिथेच रडू फुटलं. हे बावरले.

"आता हे कशाचं?"

"रागाचं," मी म्हणाले आणि त्यांचा दंड घट्ट धरून पायऱ्या उतरले.