इस्त्रीवाली नेमकी गेली कुठे

मास्तरीणबाई गोष्टी लिहितात हे बाजाराला माहीत होतं, पण त्यांची गोष्ट छापून येणार होती ती पहिल्यांदाच. वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी दुपारपर्यंत कागद पोचवायचे होते. मास्तरांचं शिवणकामाचं दुकान पुढच्या खोलीत आणि संसार मागच्या, त्यामुळे श्रोता शोधायला लांब जावं लागलं नाही. मास्तर काजं करत होते. बाई समोरच्या स्टुलावर बसून वाचू लागल्या.

गोष्ट होती एका लाँड्रीतल्या इस्त्रीवालीची. चाळीस वर्षं लोकांचे कपडे कडक करून देणारी बाई. एका सकाळी तिच्या टेबलावर निळा कोट येतो. ती कॉलरवरून इस्त्री फिरवते, आणि पुढच्याच ओळीत तोच कोट अंगात घालून आगगाडीच्या खिडकीपाशी बसलेली असते. बाहेर समुद्र, आणि डब्यात तिला ओळखणारं कोणी नाही. हे पान बाईंनी सात वेळा लिहिलं होतं. त्यांच्या मते आयुष्यात साधलेलं तेवढं एकच पान.

मास्तरांची सुई थांबली. गिऱ्हाइकाचा कोट घालून ती गेलीच कशी, हा त्यांचा पहिला सवाल. त्यांनी स्वतः तीस वर्षांत गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा खांद्यावर टाकला नव्हता. बाईंना हसू आलं. मग मास्तरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि खाली बघत विचारलं,

"आणि घरी नवरा आहे ना तिला?"

बाईंचं हसू मावळलं. प्रश्न इस्त्रीवालीबद्दल नव्हता, हे त्यांना कळलं. ती कुठेच गेलेली नाही, टेबलापाशीच उभी आहे, हे सगळं तिच्या मनात चाललंय, असं त्यांनी समजावून सांगितलं. तसं कुठे लिहिलंय, मास्तर म्हणाले. बाईंनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. खरंच नव्हतं. डोक्यात ते इतकं लख्ख होतं की कागदावर उतरवायचं राहून गेलं होतं. मास्तरांनी ते पानच काढून टाकायला सांगितलं. उद्या अख्खा बाजार वाचेल आणि दुकानात येऊन चौकशी करेल. एकच धड पान, तेही काढू का, असं म्हणून बाईंनी पाठ फिरवली. मास्तरही गाल फुगवून बसले.

पण दुपारच्या ट्रायलचा कोट थांबणार नव्हता. मास्तरांनी तो पांढरा कोट पुढ्यात घेतला आणि लाल दोऱ्याने बाहीला कच्ची शिलाई घालायला लागले. उमेदवारीच्या दिवसांत एकदा त्यांनी पांढऱ्यावर पांढराच दोरा घातला होता. मशीन मारायचं राहिलं, गिऱ्हाईक कोट घेऊन गेलं, भाषणाला हात वर केला आणि बाही कोपरापर्यंत उतरली. बाईंनी हा किस्सा शंभर वेळा ऐकला होता. आज मात्र त्या पुढे सरकल्या.

"लाल का घालता, ते परत सांगा."

"कच्चं कुठून कुठपर्यंत आहे ते दिसायला नको? नाहीतर लोक पक्कं समजून चालू लागतात."

बाईंनी पेन उघडलं. कोट अंगात चढण्याआधी लिहिलं, 'हा आपण घातला तर, असं तिच्या मनात आलं.' गाडी भरधाव असताना मुठीला इस्त्रीची धग लागू दिली. शेवटी लाँड्रीच्या मालकाने कोट झाला का म्हणून दोनदा हाक मारली, आणि समोर समुद्राच्या जागी कपड्यांचे गठ्ठे आले. समुद्राचा मात्र एक शब्दही त्यांनी कमी केला नाही.

नवं पान ऐकून मास्तरांच्या जिवात जीव आला. म्हणजे ती कुठेच गेली नाही, हे त्यांनी दोनदा विचारून पक्कं करून घेतलं आणि पुन्हा बाहीकडे वळले. चार टाक्यांनंतर हात थांबला.

"चाळीस वर्षांत एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"हे काही बरं नाही झालं," मास्तर म्हणाले. "तू जाऊन ये. दुकान आहे, मी आहे. जेवणाचंही बघेन मी."

गोष्ट इस्त्रीवालीची आहे, बाई म्हणाल्या. ते आता कळलं मला, मास्तर म्हणाले. बाईंना फार बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, समुद्राकडे जाणारी गाडी किती वाजता असते. मास्तरांनाही ते माहीत नव्हतं.