कापलेली पिन

भाऊजींनी प्लग मामापुढे धरला तो कौतुकानं. तिसरी पिन मुळापासून कापलेली आणि वर कानशीनं घासून गुळगुळीत केलेली.

"महिन्याभरापूर्वी गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून सारखं घूंऽ यायचं. एका झटक्यात गप्प केलं," ते म्हणाले. "तू फक्त माइकचा स्टँड घट्ट करून दे. उद्या पोरीचा कार्यक्रम आहे."

मामाचा जन्म वायरिंगमध्ये गेलेला. आळसानं केलेली घाण त्यानं ढिगानं पाहिली होती. ही घाण मन लावून केलेली होती, म्हणून त्याला जास्तच शिसारी आली. माणसानं अर्थिंग कापलं आणि वर कानस मारत बसला.

त्यानं भाचीच्या हातातली गिटार बाजूला ठेवली, प्लग बोर्डात लावला आणि खिशातला टेस्टर गिटारच्या तारेला टेकवला. दिवा लागला, मिणमिणता का होईना.

"आत कुठंतरी वीज पत्र्यावर उतरतेय," तो म्हणाला. "जमिनीत जायची तिची वाट तुम्ही कापलीत. आता हिचे हात तारांवर असताना तोंड माइकला लागलं, की ती हिच्या अंगातून जाणार."

"काहीतरीच. महिना झाला वाजवतेय. काही झालं का?"

भाचीनं मान वर केली. "मामा, माइकला ओठ लागले की मुंग्या येतात. कधीकधी चटका बसतो."

"घाबरते ती," भाऊजी म्हणाले. "रोज सांगतो, मागं सरकायचं नाही, माइकला तोंड चिकटवून गायचं."

इतकी वर्षं ज्यांना अहो-जाहो केलं, त्यांच्या तोंडाकडे त्याला बघवेना. त्यानं वायर बोर्डातून उपटली, प्लग पकडीनं कापला आणि खिशात टाकला.

"अरे, उद्या कार्यक्रम—"

"उद्या ती गिटारशिवाय गाईल. हा डबा मी घेऊन जातो. दुरुस्त करून, तीन पिनांचा प्लग बसवून आणतो. मग हा आणि माइकचा मिक्सर एकाच बोर्डावर लावा, आवाज बहुतेक जाईल. नाही गेला तर ऐका. त्यानं कुणी मरत नाही."

भाऊजी पाय आपटत बाहेर गेले. मामानं अ‍ॅम्प्लिफायर उचलला.

"मामा, म्हणजे मी घाबरत नव्हते?"

"नाही गं."

"मग बाबांनी स्पर्धेतून माझं नाव काढून घेतलं, ते? म्हणाले, तुझ्यात दमच नाही."

मामानं अ‍ॅम्प्लिफायर खाली ठेवला. दारापाशी जाऊन त्यानं भाऊजींना हाक मारली, आणि ते पोरीसमोर येऊन उभे राहीपर्यंत मारत राहिला.