न लावलेली प्लेट

जालना रोडमागच्या त्या कॅन्सर प्रयोगशाळेत पेशींचं खाद्य, म्हणजे गुलाबी मीडिया, शेजारणीकडं विरजण मागावं तसं मागितलं जायचं. ज्यानं त्यानं आपली बाटली वापरावी, असा नियम भिंतीवर होता, आणि तो भिंतीवरच बरा, अशी सगळ्यांची समजूत. कुणी कुणाकडून किती नेलं हे मात्र प्रत्येकाच्या पक्कं लक्षात. देऊन ऐकवण्यात मुबश्शिराचा हात कुणी धरला नसता, आणि घेऊन विसरण्यात प्रेरणाचा.

दोघींचं काम एकमेकींत अडकलेलं. प्रेरणा कॅन्सरच्या स्टेम सेल वाढवायची. औषधाला दाद न देणाऱ्या, पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या चिवट पेशी. मुबश्शिरा रुग्णांच्या रक्तातून लढाऊ पेशी तयार करून त्यांच्यावर सोडायची. मागच्या आठवड्यात सोडल्या, आणि स्टेम सेल जवळजवळ साफ. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. इंद्रजीत वाकळे इतके खूश झाले, की त्यांनी स्वतःहून सगळ्यांना चहा सांगितला. त्या इमारतीत हाही एक शोधच. पेपर आज संध्याकाळी जर्नलला जायचा होता. मुबश्शिराची जर्मनीतली संशोधनाची जागा त्या पेपरवर टांगलेली.

दुपारी प्रेरणा उरलेल्या स्टेम सेलचा फ्लास्क फेकायला निघाली. सवयीनं मायक्रोस्कोपखाली धरला आणि हात थबकला. या फ्लास्कात लढाऊ पेशींचा थेंबही गेला नव्हता. तरी आतल्या पेशी मेलेल्या.

तिनं चमकणारा रंग घालून पुन्हा पाहिलं. पेशींच्या भोवती पिठी सांडावी तसे बारीक ठिपके. मायकोप्लाझ्मा. मीडिया गढूळ न करता पेशी पोखरणारा जंतू. साध्या मायक्रोस्कोपला सापडत नाही.

मुबश्शिरा कल्चर रूममध्ये आकृत्या जुळवत बसली होती.

“आपा, कंट्रोलची प्लेट कुठंय? तुलनेला ठेवतात ती, लढाऊ पेशी न घातलेली?”

“कशाला?”

“कुठंय सांगा ना.”

“लावलीच नाही. अर्धी बाटली नेलीस तू, वैजापूरच्या महाराणी, मग मीडिया पुरणार कुठून? मागच्या महिन्याचे आकडे घातले. त्याच पेशी, सगळं तेच.”

“तेच नाही, आपा. तुमच्या पेशी न घालताही माझ्या मेल्यात. जंतूनं.”

मुबश्शिरा मायक्रोस्कोपवर वाकली. ठिपके तिलाही दिसले.

“किसी को बोली?”

“नाही.”

“माझ्या बाटलीतून घेताना नवी पिपेट घेतली होतीस?”

प्रेरणा फ्लास्कवरचं लेबल नखानं खरवडू लागली.

“बोल ना गं!”

“घाई होती. माझ्या फ्लास्कात घातलेलीच तुमच्या बाटलीत बुडवली.”

दार उघडलं. वाकळे सरांनी नुसतं डोकं आत घातलं. “मुबश्शिरा, आकृती तीन? मी बटण दाबायला बसलोय.”

“आणते, सर.”

दार लागलं. प्रेरणा कुजबुजली, “तुमच्या पेशी चांगल्याच आहेत, आपा. पुन्हा केलं तरी हेच निघेल.”

“मलाही तसंच वाटतं. म्हणून तर प्लेट लावली नाही.” मुबश्शिरा उठली. “वाटण्यावर पेपर पाठवतात का?”

सरांच्या केबिनमध्ये तिनं एका दमात सांगून टाकलं. सरांचा हात लॅपटॉपवरच राहिला.

“कुणाच्या हातून झालं हे?”

“कंट्रोल मी लावला नाही, सर.” पुढचं जिनं बोलायचं ती मागं उभी होती.

“जंतू माझ्या पिपेटनं गेला, सर,” प्रेरणा म्हणाली.

सरांनी दोघींकडं पाहिलं. रागवायला आधी कोणाला घ्यावं, हे त्यांचं ठरत नसावं. शेवटी त्यांनी लॅपटॉप मिटला. “इन्क्युबेटर रिकामा करा. सगळ्यांचा.”

मुबश्शिरानं आपल्या लढाऊ पेशींचा पहिला फ्लास्क उघडून ब्लीच ओतलं. गुलाबी रंग उतरत गेला. प्रेरणानं दुसरा पुढं केला, तर तिनं तो हातातून काढून घेतला. “माझे मी टाकते. तू तुझे बघ.”

सर दारात आले. आवाज उतरलेला. “जर्मनीला मी लिहू, की तू?”

“मीच लिहिते,” ती म्हणाली. “हात धुऊन येते.”