पान चारवरची शेवटची ओळ

तिने फाईल टेबलावर पालथी घातली आणि वर कोपर टेकवलं. समोरच्या पडद्यावर अंतराळातल्या दुर्बिणीने पाठवलेला तारा होता. टिंब दिसायला हवं तिथे ओरखडा.

"तीन दिवस झाले," तपासणीला आलेल्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "कारण काय?"

प्रमुखांनी घसा साफ केला. "शोधतोय."

तिला कारण पहिल्या फोटोपासून ठाऊक होतं. दुर्बीण वळवणारी चार चाकं वर्षापूर्वी तिनेच तपासली होती. तिसरं एका ठरावीक वेगाला बारीक थरथरायचं, आणि ती थरथर थेट आरशापर्यंत पोचायची. तीन दिवस ती तोंडाला कुलूप लावून बसली होती, या बैठकीसाठी.

फोन उजळला. सासूबाईंचा निरोप: 'झोपली गं. सावकाश ये.' दूध दाटून छाती ठणकत होती. ती आणखी ताठ बसली.

"सर, चाकांचा अहवाल वाचता का? पान चार."

"तुझा तो? अगं, तो जुना..."

"वाचा हो," शेजारी बसलेला भिंगवाला इंजिनिअर म्हणाला. "नाहीतरी आपण माश्याच मारतोय."

तिने फाईल पुढे सरकवली. प्रमुख उभे राहून वाचू लागले. तिसरं चाक, तो वेग, ती थरथर. तेवढा वेग टाळून चाक फिरवावं.

अध्यक्षबाईंनी तशी आज्ञा वर दुर्बिणीला पाठवायला लावली. कपातला चहा निवायच्या आत ओरखडा आखडत गेला आणि त्याचं टिंब झालं.

भिंगवाल्याने टाळी वाजवली. प्रमुख हसले, फाईल मिटू लागले.

"शेवटची ओळ राहिली, सर."

"तो नुसता शेरा आहे."

"तुमचाच आहे. अक्षर लागेल तुम्हाला."

"वाचा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

प्रमुखांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "बाईंना सातवा महिना आहे. हात त्यांचेच थरथरत असावेत. पुन्हा चाचणी नको."

मागच्या खुर्च्यांवरची माणसं पुढे वाकली. प्रमुखांच्या हातातलं पान फडफडत होतं.

ती उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि झोपलेल्या लेकीच्या मानेखाली घालावा तसा पानाखाली तळवा घातला.

"टेबलावर ठेवा, सर," ती हळूच म्हणाली. "आणि परत एकदा वाचा. मागच्यांना ऐकू गेलं नाही."