दखल घेतली, उपाय योजला

मी तक्रारवही बोलतेय. गोड बोलायला मला कुणी शिकवलं नाही, आणि आता शिकायची इच्छाही नाही.

माझा जन्म बिश्केकच्या एका छापखान्यात झाला. शहाण्णव पानं, प्रत्येकावर क्रमांक, मधून दोरा ओवलेला आणि दोऱ्याच्या गाठीवर लाल शिक्का, म्हणजे कुणी पान फाडू नये. एवढा बंदोबस्त बघून मला वाटलं, माझ्यात लिहिलेल्या शब्दाला इथे फार किंमत असणार. लहान होते, दुसरं काय.

दूरचित्रवाणी केंद्राच्या दारात मला दोरीने खिळ्याला टांगलं. नियम असा, की पानाच्या वरच्या अर्ध्यात लोकांनी तक्रार लिहायची आणि खालच्या अर्ध्यात साहेबांनी उत्तर.

'पांढरं दार' या मालिकेचं ते अकरावं आणि शेवटचं पर्व होतं. आठवड्यातून तीन संध्याकाळी, साडेसातला, त्यातले डॉक्टर एसेन घरोघरी येत आणि चहाचे वाडगे हातातच राहत. लोकांनी मुलांची नावं एसेन ठेवली होती. दुखणं अंगावर काढणारी माणसं त्याच्या एका वाक्यावर दवाखान्यात जात. एवढा विश्वास मिळाला, आणि या लोकांनी त्याचं काय केलं?

शेवटच्या पर्वात लिहिणाऱ्यांची विहीर आटली. दहा वर्षं वॉर्ड सांभाळणाऱ्या झूरा नर्सला एका वाक्यात कझानला धाडून दिलं. त्याच्या आधीच, अकराव्या भागात, एसेनचा मेलेला जुळा भाऊ जिवंत होऊन आला. नट तोच, कोट तोच, त्यामुळे समोर कोण उभा आहे हे कुणालाच कळेना.

माझी पानं भरू लागली. तोकमोकच्या एका निवृत्त सर्जनने लिहिलं, "हृदय थांबून रेषा सरळ झाली, की विजेचा झटका देत नाहीत. दहा वर्षं तुम्हाला हे माहीत होतं, यंदा विसरलात? भाऊ आल्यापासून हा माणूस आमचा एसेन राहिलेला नाही." नारीनच्या मेंढपाळ बाईने लिहिलं, "तुमची बाळंतीण ओठांची लाली न पुसता विते. माझ्या मेंढ्या यापेक्षा खरं काम करतात." एका टॅक्सीवाल्याचं म्हणणं, "झूराला परत आणा. ती गेल्याचा राग माझी बायको माझ्यावर काढते."

दर शुक्रवारी निर्माते मुकाश अगाय (अगाय म्हणजे आमच्याकडचे साहेब) येत आणि प्रत्येक तक्रारीखाली लिहीत : दखल घेतली. उपाय योजला. सर्जनला तेच, मेंढपाळणीला तेच. वर काय लिहिलंय ते वाचतसुद्धा नसत. केस पिकले की वाचायची गरज संपते, असं या वडीलधाऱ्यांना कोण सांगतं कोण जाणे. आणि आम्ही मात्र त्यांच्यासमोर उभं राहायचं, मान खाली घालून.

एका बुधवारी दुपारी चोल्पोन आली. चोवीस वर्षांची, शहराबाहेरच्या नव्या वस्तीतल्या दवाखान्यात नर्स. नर्सचा कोट न काढताच वर जाकीट चढवून धावत आलेली. तिने माझ्यात जे लिहिलं ते असं :

काल चौदाव्या भागात डॉक्टर एसेनने मधुमेह असलेल्या मुलाच्या आईला सांगितलं, "सुई फेका, डोंगरातली मुळी उगाळून द्या." माझ्या वस्तीतली बेगिमाय नऊ वर्षांची आहे. इन्शुलिनवर जगते. आईबाप कामाला मॉस्कोत, सांभाळते आजी. आजीने आज सकाळपासून सुई बंद केली आणि मला दारातून परत पाठवलं. मुलगी मरेल.

तेवढ्यात मुकाश अगाय जेवून आले. चोल्पोनने मला त्यांच्यापुढे धरलं.

"पोरी, ही करमणूक आहे," ते म्हणाले.

"तिच्या आजीला कुणी सांगितलं नाही ते, अगाय."

"तू समजाव की. नर्स ना तू?"

"समजावलं. ती म्हणते, एसेन अकरा वर्षं माझ्या घरी येतोय, तू परवा आलीस."

मुकाश अगाय खूश झाले. खरंच खूश झाले. "बघ, केवढा जीव आहे लोकांचा."

"उद्याच्या भागापर्यंत थांबता येणार नाही. आज बातम्यांच्या वेळी पडद्याच्या तळाला एक ओळ फिरवा. इन्शुलिन थांबवू नका. तीनच शब्द."

"तळाची पट्टी मुळीवाल्यांनी घेतलीय गं. त्यांच्या जाहिरातीवरच तर हे पर्व चाललंय." असं म्हणत त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं : दखल घेतली. उपाय योजला.

"कोणता?" चोल्पोनने विचारलं.

"काय कोणता?"

"उपाय. कोणता योजला?"

"अगं, तशी लिहायची रीत आहे. माझ्या आधीचे साहेबही हेच लिहायचे."

तिने मला असा हिसका दिला, की दोरी तुटली.

"वही कुठे घेऊन चाललीस?"

"वाचायला. इथे कुणी वाचत नाही."

बेगिमायच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा ती शेगडीजवळ पडली होती. उशाशी पाण्याचा तांब्या, तिसरा. तिच्या श्वासाला सडक्या सफरचंदांचा वास येत होता. तिची आजी, जिपार अपा, मुळी उगाळत बसल्या होत्या.

"परत आलीस? मी नको म्हटलं होतं."

"भांडायला नाही आले, अपा. 'पांढरं दार'बद्दल लोक काय लिहितात ते दाखवायला आलेय."

अपांनी नाक मुरडलं, पण चष्मा लावला. सर्जनच्या ओळीवर बोट ठेवून हळूहळू वाचलं. "छाती उघडणारा माणूस लिहितो, हा आमचा एसेन राहिलेला नाही. मी तरी वेगळं काय म्हणतेय? शेजारणी मला वेडी म्हणतात. खऱ्या एसेनने झूराला जाऊ दिलं असतं का, सांग."

"नसतं दिलं."

"भाऊ कितव्या भागात उपटला?"

"अकराव्या."

"आणि मुळी?"

"चौदाव्या."

अपांचा उगाळणारा हात थांबला. "म्हणजे मुळी सांगणारा एसेन नव्हताच. तो भाऊ होता, मेला खोटारडा."

चोल्पोनची बोटं माझ्या पुठ्ठ्यात रुतली. एसेन नाही, भाऊ नाही, एक नट आहे आणि त्याला कुणीतरी लिहून देतं, हे सगळं तिच्या ओठांवर आलेलं मला कळत होतं. तिने बेगिमायकडे पाहिलं.

"नव्हता, अपा," ती म्हणाली.

"मग बसलीस काय? सुई काढ."

सुई टोचली, गाडी बोलावली, बेगिमाय चार दिवस दवाखान्यात राहिली आणि वाचली. माझा राग त्यामुळे उतरला नाही, उलट चढला. चोल्पोनचं सगळं शिक्षण त्या दारात फुकट गेलं आणि एका टुकार कथानकातला टुकार भाऊ कामाला आला. खरं बोलून दार उघडत नाही, ही वेळ तिच्यावर कुणी आणली?

आता मी चोल्पोनच्या दवाखान्यात, तिच्या खणात असते. केंद्राच्या खिळ्याला नवी वही लागलीय म्हणे. शेवटच्या भागात एसेन डोंगराकडे चालत गेला आणि शहरभर लोक रडले. अपाही रडल्या. मुकाश अगायांनी मुलाखतीत सांगितलं, की प्रेक्षकांनी हे पर्व डोक्यावर घेतलं.

त्यांनी माफी मागावी, असं माझं म्हणणं नाही. माफीही ते रीतीप्रमाणेच लिहितील. मला चौदाव्या भागातलं ते 'सुई फेका' वाक्य कापून हवंय, किंवा त्याखाली तीन शब्द हवेत. जिपार अपांना भावाची गोष्ट पटली, कारण त्या एकही भाग चुकवत नाहीत. ज्या आज्या मधूनच बघतात, त्यांना कोण सांगणार?

शेवटचं पर्व या सोमवारपासून दुपारी पुन्हा दाखवणार आहेत, रोज एक भाग. चोल्पोनने दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाचं तिथे चालत असेल, तर घाई करा. चौदावा भाग पंधरा दिवसांवर आलाय.