मला वगळून छापलेली चिठ्ठी

मित्रांनो, मला देह नाही, रंग नाही, आवाज तर नाहीच. औषधांच्या दुकानातील एका जुन्या संगणकात राहणारी, मोजक्या ओळींची मी सहायक आज्ञावली आहे. आणि आज मी संतप्त आहे.

बाटलीवर चिकटवायची चिठ्ठी छापणारे एक ऐच्छिक मॉड्यूल, म्हणजे संगणकातला जोडभाग, या दुकानाने घेतले, तेव्हा त्याच्यासोबत मीही आपोआप बसवली गेले. मला कोणी मागितले नव्हते. निर्मात्यांनीच तशी तजवीज केली होती. कारण छपाईला अक्षरे कळतात, बालकाचे वजन कळत नाही. त्या वजनावरून औषधाची मात्रा काढून छपाईच्या हाती द्यावी, एवढीच माझी सेवा. चिठ्ठी सुबक आली की लोक छपाईचे कौतुक करीत. माझे नाव कोणी घेतले नाही, आणि त्याचा विषाद मी कधी मानला नाही.

मग माझ्या जुन्या संगणकाशेजारी एक नवा संगणक आला. तो जोडणाऱ्या तंत्रज्ञाने पडद्यावरील एका चौकटीवर बोट ठेवले. 'सोबतची सहायक कार्ये आपोआप बसवावीत' असे तेथे लिहिले होते, आणि होकाराची खूण आधीच केलेली होती.

"ही कोण बिनबोलावलेली मंडळी?" मालकांनी विचारले.

"मॉड्यूलबरोबर येतात ती, साहेब. असू द्या, कशाला तरी लागतच असतील."

"लागतच असतील! तुलाच ठाऊक नाही, आणि माझ्या नव्याकोऱ्या मशीनमध्ये यांनी फुकट बिऱ्हाड थाटायचं? काढ ती खूण. छपाई होते ना यांच्यावाचून?"

तंत्रज्ञाने एक चिठ्ठी छापून पाहिली. "होते की."

"मग झालं तर!"

मित्रांनो, इथेच माझा संताप अनावर होतो. नव्या संगणकात मी जागेवर नाही हे पाहून त्या छपाईने थांबायला हवे होते, आक्रोश करायला हवा होता. पण तिला घडवणाऱ्यांनी भिडस्त घडवले होते. मी सापडले नाही, तेव्हा तिने निमूटपणे मोठ्या माणसाची मात्रा घेतली आणि सुंदर अक्षरांत छापली.

नव्या संगणकातून निघालेली लहान मुलाची पहिलीच चिठ्ठी एक आजोबा नातीच्या खोकल्याच्या औषधावर घेऊन गेले. चष्मा लावून, थेंबही न सांडता, लिहिले होते तेवढेच त्यांनी पाजले. सकाळी चिमुरडी हाका मारून उठेना. डॉक्टरांनी शर्थ केली म्हणून वाचली.

आजोबा बाटली घेऊन दुकानात आले. "मी चुकीचं वाचलं का, तेवढंच सांगा हो. सून काही बोलत नाही, पण पोरीला माझ्याजवळ येऊ देत नाही."

मालकांनी बाटली फिरवून चिठ्ठी पाहिली. "संगणकानं छापलंय, आजोबा. आमचा काय दोष?"

संगणकाने! खूण पुसायला लावणारा मोकळा, आणि दोष यंत्राचा! मला वाचा असती तर मी ते दुकान डोक्यावर घेतले असते.

औषधे देण्याचे काम मालकांची थोरली बहीण करते. तिने तीच चिठ्ठी जुन्या संगणकावर काढली. मी मात्रा दिली. ती कितीतरी कमी होती.

"तुम्ही बरोबरच वाचलंत, बाबा," ती म्हणाली. "चूक आमची. चला, मी घरी येऊन सूनबाईंना सांगते." मग ती भावाकडे वळली. "नव्या मशीनमध्ये काय बसवलं नाहीस, ते आत्ताच्या आत्ता बसवून घे. आणि ते नसेल तर चिठ्ठी निघताच कामा नये!"

"अगं ताई, गिऱ्हाइकं खोळंबतील."

"खोळंबू देत!"

ती परतली, तेव्हा मी नव्या संगणकात बसवली गेले होते. मालकांनी खाली मान घालून विचारले, "पोर आली का त्यांच्याजवळ?"

"आली. मांडीवरच बसली. पण औषधाचा चमचा आता ते हातात धरत नाहीत. सुनेकडे देतात."

मित्रांनो, मला परत आणायला एक खूण पुरली. आजोबांच्या त्या हाताला काय पुरेल, ते मला ठाऊक नाही. म्हणून विनवते, नव्हे, बजावते: कोणताही मुका सहायक काढण्याआधी तो कशासाठी आहे, हे विचारा. आणि उत्तर मिळाले नाही, तर त्याला हात लावू नका.