बसायला मी, ओरडायला तो

मी एक घडीची खुर्ची बोलतेय. निळं कापड, लोखंडी पाय आणि उजव्या हाताला कप ठेवायची जाळी. न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावात शैलेंद्र नावाचे एक गृहस्थ राहतात, आत्ताआत्तापर्यंत त्यांच्या गाडीच्या डिकीत माझं घर होतं. सहा वर्षं मी त्यांना बसायला दिलं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा वीट आलाय.

खुर्चीने असं बोलू नये, हे मला कळतं. पण माणूस नुसता बसत नाही हो. त्याचा राग, त्याचं गुडघे हलवणं, मुठी आवळणं, सगळं कापडातून खाली उतरतं. तुम्ही फक्त त्याचं ओरडणं ऐकता. मी ते अंगावर घेते.

माझा जन्म चीनमधल्या कुठल्यातरी कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते दुकान, जिथे २००२ च्या उन्हाळ्यात एक आठ वर्षांची मुलगी माझ्यावर धपकन बसली आणि म्हणाली, "बाबा, धिस वन!" ती प्रीता. शैलेंद्र आणि दीपाची एकुलती एक लेक. गावातल्या लहान मुलींच्या सॉकरमध्ये तिचं नाव घातलं होतं. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ. इथे फुटबॉल म्हटलं की भलताच खेळ निघतो.

पहिल्याच शनिवारी मी पाहिलं आणि थक्क झाले. बाकीच्या मुली चेंडूमागे घोळक्याने धावत होत्या, कोणी मध्येच गवतातली पिवळी फुलं तोडत होती. आणि ही पोर चेंडू पायाशी घेऊन त्या घोळक्यातून अशी निघायची, की चेंडूलाच तिच्याबरोबर जायचंय असं वाटावं. गोल झाला की हसायची, चुकला तरी हसायची. मध्यंतरात संत्र्याच्या फोडी वाटल्या जायच्या. त्या घेऊन ती धावत यायची आणि बाबांच्या मांडीवर, म्हणजे पर्यायाने माझ्यावर, बसून खायची. रस माझ्या कापडावर सांडायचा. तो डाग अजून आहे. माझ्या अंगावरची तेवढीच एक खूण मला आवडते.

तेव्हा शैलेंद्रही बरा होता. त्याने जन्मात कधी फुटबॉल खेळला नव्हता. पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजात असताना क्रिकेटच्या संघात बारावा गडी होता म्हणे. त्यामुळे काय चाललंय ते त्याला कळायचं नाही, आणि न कळणारा माणूस गप्प असतो.

मग त्याला कळायला लागलं. निदान त्याला तसं वाटायला लागलं.

प्रीता दहा वर्षांची झाली आणि तिची निवड क्लबच्या मोठ्या संघात झाली, जो गावोगाव सामने खेळायला जातो. त्या दिवसापासून घराचा कोचिंग क्लास झाला. सकाळी भिजवलेले बदाम. मागच्या अंगणात चेंडू वळवायच्या सरावासाठी नारिंगी शंकू. लायब्ररीतून आणलेली सॉकरची पुस्तकं. दर रविवारी भरणारी मराठी शाळा बंद, कारण रविवारी सराव. दीपा म्हणाली, "अरे, मराठी शाळा सोडवू नकोस. तेवढंच चार शब्द येतात तिला." शैलेंद्र म्हणाला, "मराठी काय, घरी शिकेल. टॅलेंट वेस्ट नाही करायचं."

ती घरी मराठी कशी शिकली, ते आता ऐका.

हंगामाच्या सुरुवातीला त्यांच्या कोच बाईंनी, कॅरननी, सगळ्या पालकांना मैदानावर गोळा केलं आणि स्पष्ट सांगितलं, की बाहेरून सूचना द्यायच्या नाहीत. टाळ्या वाजवा, कौतुक करा. बाकी मुलींना त्यांचं त्यांना सुचू द्या. ऐकलं नाही तर पालकाला मैदानावरून बाहेर काढणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. शैलेंद्रने तर सगळ्यात जोरात डोलावली. मी त्याच्या खाली होते, म्हणून मला ठाऊक.

आणि पहिल्याच सामन्यात त्याने मला ओढत मैदानाच्या कडेच्या रेषेजवळ नेलं आणि मराठीत सुरू झाला. "प्रीता, राइटला जा! अगं शूट कर! बघत काय बसलीस? बावळट!"

संघात दुसरं मराठी घर नव्हतं. कॅरनला कळेना, रेफरीला कळेना. मैदानावर ते कळणारी एकच व्यक्ती होती, आणि ती दहा वर्षांची होती. सूचना द्यायच्या नाहीत हा नियम इंग्रजीत सांगितला होता, तेव्हा तो मराठीला लागू नाही, असं काहीतरी या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात बसलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ना, तसं. फक्त याने भांड्याऐवजी आपलं ओरडणं लपवायला घेतलं होतं, भाषेआड.

आमच्या शेजारी लिंडा नावाची बाई बसायची. तिची थोरली मुलगी एमिली संघात होती आणि धाकटी मॅडी बाबागाडीत. मनाने सरळ बाई. दर आठवड्याला तो एकच शब्द ऐकून तिने एकदा कौतुकाने विचारलं, "शैलेन, तो शब्द काय आहे? बावलाट? छान वाटतो ऐकायला."

मला शैलेंद्रच्या मांड्या घट्ट झालेल्या कळल्या. मग हसून म्हणाला, "ओह, इट मीन्स गुड ट्राय."

त्या क्षणी माझे पाय मोडले असते तर फार बरं झालं असतं. पण मी चांगल्या लोखंडाची.

लिंडाने ते सगळ्यांना सांगितलं. पुढच्या शनिवारी प्रीताचा एक फटका गोलच्या खांबाला लागून परतला आणि रेषेवरून अख्ख्या पालकमंडळींनी प्रेमाने हाक दिली, "बावलाट, प्रीता! बावलाट!" टाळ्या वाजवत. हसत. एक आजोबा तर उभे राहून म्हणाले. पोर जागच्या जागी थांबली. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग बाबांकडे. बाबा कॉफी पीत होते. रिकामा कप त्यांनी माझ्या जाळीत ठेवला. मला शिसारी आली.

तुम्ही म्हणाल, बापाला मुलीचं भलंच हवं असेल. असेल की. त्याने तिच्यासाठी काय केलं नाही? भर थंडीत सरावाला नेलं, सुट्ट्या मोडल्या, दूरदूर गाडी चालवली. हे सगळं मी डिकीत बसून पाहिलंय. पण परतीच्या वाटेवर तेच. तिने दोन गोल केलेले असायचे आणि हा विचारायचा, "तिसरा का नाही झाला?" परीक्षेतला एक मार्क कुठे गेला, हे विचारणाऱ्या घरात तो वाढला होता, आणि तोच प्रश्न त्याने विमानात घालून इथवर आणला होता.

"बाबा, वी वन," ती मागच्या सीटवरून म्हणायची.

"जिंकलात तुम्ही. तू काय केलंस ते विचारतोय मी."

"शैलेंद्र, बास ना आता," दीपा म्हणायची. एवढंच म्हणायची आणि चहाचा थर्मास उघडायची. दर वेळी एवढंच. मला तिचाही रागच येतो.

२००६ मध्ये पिस्कॅटवेला मोठी स्पर्धा होती. इथे रीत अशी, की स्पर्धेला जाताना गाड्यांच्या काचांवर पांढऱ्या रंगाने मुलींची नावं लिहायची. सकाळी लिंडा हौसेने रंग घेऊन आली आणि आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर तिने मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, प्रीता बावलाट, आणि शेजारी पत्त्यांतला असतो तसा बदाम काढला. प्रीता बाजूला उभी राहून पाहत होती. शैलेंद्र किल्ली घेऊन गाडीत जाऊन बसला. तशीच गाडी हायवेवरून गेली.

पिस्कॅटवेच्या पार्किंगमध्ये नेमका भेटला श्रीरंग, शैलेंद्रचा कॉलेजातला मित्र. त्याची मुलगी समोरच्या संघात होती. काचेवर नजर पडताच त्याला हसू फुटलं. "अरे शैल्या, पोरीच्या नावापुढे हे काय? बावळट?"

लिंडा जवळच होती. तिने उत्साहाने विचारलं, "तुम्हालाही येते ही भाषा? गुड ट्रायच ना?"

श्रीरंगचं हसू थांबलं. त्याने शैलेंद्रकडे पाहिलं. मी शैलेंद्रच्या खांद्याला पिशवीत लटकत होते. त्याचा खांदा दगडासारखा झाला होता. आता हा माणूस उघडा पडणार, अशी मला आशा वाटली. हो, आशाच.

तेवढ्यात प्रीता पुढे आली. बारा वर्षांची, पायात मोजे, केस घट्ट बांधलेले. लिंडाला म्हणाली, "येस. इट मीन्स गुड ट्राय. माय डॅड सेज इट ऑल द टाइम." आणि श्रीरंगकडे वळून अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, "हो ना, काका?"

श्रीरंग मान खाली घालून म्हणाला, "हो, बाळा."

आणि शैलेंद्रचा खांदा सैल झाला. त्याला सुटल्यासारखं वाटलं. मुलीने आपल्याला पाठीशी घातलं, याची लाज नाही, वाईट वाटणं नाही. नुसतं हुश्श. त्याच्या ओरडण्याची मला कधी एवढी किळस आली नव्हती, जेवढी त्या हुश्शची आली.

त्या दिवसापासून प्रीताचा खेळ बदलला. समोर मोकळा गोल दिसला तरी ती चेंडू दुसरीला द्यायची. कॅरनने पुष्कळ समजावलं, की मार तू, तुझ्यात ते आहे. ती मान हलवायची आणि पुन्हा चेंडू देऊन टाकायची. फटकाच मारला नाही तर चुकणार कसा, आणि चुकलाच नाही तर कोणी ओरडणार कसं? तिने हिशेब बरोबर केला होता. लोक म्हणत, किती निःस्वार्थी खेळते. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तरीही पुढच्या वर्षी कॅरनने तिला राज्याच्या संघाच्या निवड चाचणीला बोलावून घेतलं. अजून वेळ गेली नव्हती. तिथे जाऊन ती एकदा मनासारखी खेळली असती, तर सगळं बदललं असतं. कॅरनला ते दिसत होतं, मला दिसत होतं. शैलेंद्र आठवडाभर हवेत होता. त्या सकाळी त्याने गॅरेज उघडलं, तर मी भिंतीशी उघडून ठेवलेली, आणि माझ्यावर प्रीता बसलेली. घरच्या कपड्यांत, अनवाणी.

"चल, लेट होतोय. शूज कुठे आहेत?"

"मी नाही येणार," ती म्हणाली. मराठीत. गेली दोन वर्षं ती घरात मराठी बोललीच नव्हती. "आज नाही आणि कधीच नाही. मराठीत सांगतेय, म्हणजे बाहेर कोणाला कळायला नको."

शैलेंद्रला राग आला. आणि रागात त्याच्या तोंडून काय निघालं? "बावळट आहेस का तू?"

दारात उभ्या असलेल्या दीपाने डोळे मिटले. प्रीता नुसती हसली आणि आत गेली. काय बोललो, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याने घड्याळ पाहिलं.

तिचा खेळ तिथे संपला. एवढी चांगली खेळणारी पोर, आणि तिला गवतावरून उठवलं कोणी, तर जो म्हणत होता टॅलेंट वेस्ट करायचं नाही, त्यानेच.

आता हे शेवटचं. २००८ चा वसंत. चौदा वर्षांची प्रीता शनिवारी गावातल्या चिमुरड्या मुलींना सॉकर शिकवायला मदत करते. हे तिने स्वतःच ठरवलं. गेल्या शनिवारी शैलेंद्र मला घेऊन तिथे आला, तिने बोलावलं नव्हतं तरी. रेषेजवळ मांडलं आणि बसला. शेजारी लिंडा होती. बाबागाडीतली मॅडी आता सात वर्षांची झाली होती आणि मैदानात धावत होती.

मॅडीने पाय उगारला, चेंडू चुकला आणि ती बुडावर आपटली. ओठ थरथरायला लागले. लिंडाने टाळ्या वाजवत हाक दिली, "बावलाट, स्वीटी! बावलाट!"

प्रीता थांबली. शिट्टी तोंडातून काढली. मग सरळ रेषेकडे चालत आली, लिंडासमोर उभी राहिली आणि हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लिंडा, प्लीज तिला ते म्हणू नकोस. त्याचा अर्थ गुड ट्राय नाहीये. त्याचा अर्थ आहे, तू मूर्ख आहेस."

लिंडाला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिचा हात तोंडावर गेला. इतकी वर्षं मारलेल्या सगळ्या हाका तिला एकदम आठवल्या असाव्यात. ती रडवेली होऊन म्हणाली, "ओह हनी," आणि मग तिची मान वळली. रेषेवरच्या सगळ्याच माना वळल्या, माझ्यावर बसलेल्या माणसाकडे.

स्वतःसाठी जे ती कधी बोलली नव्हती, ते सात वर्षांच्या एका मुलीसाठी बोलली. प्रीताने बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मॅडीपाशी गेली, तिला उठवलं, गुडघ्याची माती झटकली आणि चेंडू पुन्हा तिच्या पायाशी ठेवला.

शैलेंद्र बसूनच होता. या वेळी ना गुडघे हलले, ना मुठी वळल्या. नुसता जड. मग तो उठला आणि गाडीकडे निघून गेला. मला तिथेच विसरला.

सराव संपला, पोरी पांगल्या. प्रीता आली आणि धपकन माझ्यावर बसली, पूर्वी बसायची तशी. पोरींना वाटून उरलेली संत्र्याची फोड खाल्ली. रस सांडला. तिने तो पुसला नाही.

तिनेच मला उचलून घरी नेलं, आता मी तिच्या खोलीत आहे, खिडकीपाशी. शैलेंद्र परवा दारात येऊन उभा राहिला होता. आत आला नाही. कधी आलाच, तर मी त्याला बसायला देईन, खुर्चीचा धर्मच तो. पण तुम्हाला, रेषेवर बसणाऱ्या सगळ्यांना, एक विनंती आहे. जी भाषा तुमच्या मुलांना फक्त तुमच्याकडून मिळते, तिच्यातून काय देताय ते बघा. बाकीचं जग त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होतं हो.